अगदी तेव्हासारखी

“इथली कचोरी एकदम फर्मास,” अण्णा म्हणाले, आणि शर्वरीने उत्साहाने मोबाईलवर पुढचं ठिकाण शोधायला घेतलं.

घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन झाल्यापासून अण्णांच्या जिभेला चव नव्हती. घरी ते कसेबसे चार घास गिळून उठायचे. त्यांचं कॉलेज इंदूरला झालं होतं. तिथलं खाऊन तरी चव परतेल, या आशेने शर्वरी आईला आणि त्यांना घेऊन अकोल्याहून आली होती. पोहे, जिलबी, कचोरी. सकाळपासून अण्णा प्रत्येक घासाला दाद देत होते. आई तर जिलबीच्या दुकानात चक्क डोळे पुसत होती.

दुपारी एका गल्लीत रबडी मिळाली. अण्णांनी बघता बघता अर्धी वाटी संपवली. “अगदी तेव्हासारखी. गोडही बेताची.”

शर्वरीने आपला चमचा तोंडात घातला आणि घास लगेच रुमालात टाकला. रबडी पार नासली होती, आंबट लागत होती.

तिने अण्णांच्या पुढची वाटी ओढून घेतली. अण्णांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या.

“सकाळपासून कशालाच चव नव्हती गं,” ते म्हणाले. “तू एवढी धडपडत होतीस, म्हणून म्हणत गेलो.”

“अण्णा, अजून एक जागा आहे. तिथे बघू या ना.”

“आता नको शोधूस, बाळा. तुम्ही दोघी कुठेतरी नीट जेवून घ्या. मी बसतो इथे.”