पिल्लांमधली जागा

बरखेड्याच्या क्वार्टरमागे मंजूषाने खुडूक कोंबडीखाली आधी बदकाची अंडी ठेवली आणि आठवड्याने कोंबडीची, म्हणजे सगळी पिल्लं एकदम निघतील. निघाली. कोंबडीने अकराही आपलीच मानून पंखाखाली घेतली.

मग एके दिवशी कोंबडी शिंकली. दीड वर्षाच्या लेकीला, ओवीला, काही झालं तर, या धास्तीने मंजूषाने कोंबडी लगेच चिकनवाल्याला देऊन टाकली.

"अगं, लेकुरवाळी कोंबडी कुणी देतं का?" सासूबाई म्हणाल्या. "भुशाची धूळ गेली असेल नाकात."

तेव्हापासून मंजूषाला घास गोड लागेना.

पिल्लांना ऊब मिळावी म्हणून तिने खुराड्यात बल्ब लावला. एकही त्याच्याखाली गेलं नाही. दुपार झाली की सगळी कोपऱ्यात गोल करून बसत, मध्ये कोंबडीएवढी जागा सोडून. चिवचिव एकदम थांबे. त्या जागेतल्या भुशाला हात लावला, तर तो गरम असे.

"चुकलं गं माझं," मंजूषा रोज त्या रिकाम्या जागेकडे बघून पुटपुटे.

काल दुपारी ओवी घरात दिसेना. सापडली ती खुराड्यात, त्याच जागेत अंग मुडपून निजलेली. पिल्लं तिला खेटून गाढ झोपली होती.

"ओवी, चल राणी. आई आलीये."

ओवीने डोळे उघडले, परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि आणखी आत सरकली.

मंजूषाने तिला उचलायला हात घातला. पिल्लं तशीच झोपलेली होती, आणि त्या हाताच्या मनगटावर खचकन कोंबडीची चोच बसली.