आलोच, दोन मिनिटांत

जहाजाच्या गच्चीवर चहा आला, तशी इंदुमतीबाईंनी मनगटावरचा पट्टा दाबला. "अहो, चहा आलाय."

"आलोच, दोन मिनिटांत," पट्ट्यातून जगन्नाथराव बोलले.

सोबत्यांची चुकामूक होऊ नये म्हणून जहाजाने दिलेले हे पट्टे चार दिवसांत माणसाची बोली उचलत आणि तो झोपला असला, तर त्याच्या वतीने उत्तर देत. सोबती किती लांब आहे, तेही दाखवत. आत्ता आकडा होता आठशे चार किलोमीटर. काल जगन्नाथरावांना त्यांच्या इच्छेप्रमाणे समुद्राच्या स्वाधीन केलं, तेव्हा बोटातली अंगठी काढली होती, पट्टा मात्र तसाच राहिला.

"बंद करून देऊ का, काकू?" सहलीवाल्या रेवतीने हळूच विचारलं.

"नको गं. त्यांना उशिराची सवयच आहे."

दोन मिनिटं झाली. आकडा आठशे पाचवर गेला. बाईंनी त्यांच्या कपावर बशी झाकली.