पावापुरती नाणी

अर्धी दाढी झाल्यावर नकाशेकाकांनी न्हाव्याला विचारलं, “क्रिप्टो चालेल ना?”

वस्तरा हवेतच थांबला. “काय चालेल?”

काकांनी फोन काढून समजावलं. न्हाव्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि वस्तरा पुसून ठेवला. “आधी घरून पैसे घेऊन या. मग उरलेल्या गालाचं बघू.”

एका बाजूला फेस घेऊन काका घरी आले, तेव्हा काकू हसता हसता दारातच खाली बसल्या.

“हसतेस काय? खरे पैसे आहेत ते.”

“असतील हो! पण एका तरी न्हाव्याला ते पटू दे.”

काकांचा जन्म नकाशे काढण्यात गेला होता. निवृत्तीनंतर एका परदेशी कंपनीला त्यांनी किनाऱ्यांचे नकाशे करून दिले आणि कंपनीने मोबदला दिला तो फोनमधल्या या नाण्यांत. त्यांचा भाव रोज चढत होता, पण कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांची साधी काडेपेटी मिळत नव्हती.

“विकून रोख करून टाका,” काकू म्हणायच्या.

“पैसे आहेत तर पैशांसारखे चालले पाहिजेत,” काका हट्टाला पेटायचे.

औषधवाल्याने त्यांचं ऐकून “तब्येत बरी आहे ना?” असं विचारलं. शिंप्याने मोजपट्टी गळ्यात टाकून आत पळ काढला. एक कॉफीवाला तयार झाला, पण पैसे पोचल्याचा निरोप येईपर्यंत कॉफीवर साय धरली. पुन्हा या वाटेला येऊ नका, असं त्यानेच हात जोडून सांगितलं.

काकूंना या खुळाचं मनातून बरंच वाटत होतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर काका खुर्चीला चिकटले होते. चाला, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते, पण काका ढिम्म. या नाण्यांपायी का होईना, ते घराबाहेर पडू लागले होते.

पण नकार तरी माणसाने किती ऐकायचे? एका सकाळी त्यांनी चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि खुर्चीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच.

काकूंचं स्वतःचं चष्म्यांचं दुकान होतं. त्या दिवशी ते उघडण्याआधी त्या बेकरीत शिरल्या. संगणकातलं कळणाऱ्या भाचीकडून त्यांनी स्वतःच्या नावाने नाण्यांचं खातं उघडून घेतलं होतं. त्याचा छापील कोड त्यांनी बेकरीच्या काचेवर चिकटवला.

“पण काकू, नाणी तुमच्या खात्यात जाणार. मग माझ्या पावाचं काय?” बेकरीवाला म्हणाला.

“तुझे पैसे मी महिनाअखेरीला रोख देईन. यांना मात्र ताकास तूर लागू देऊ नकोस.”

संध्याकाळी त्यांनी सहज विषय काढला. “बेकरीवाला म्हणे तुमची ती नाणी घेतो.”

सकाळी काका पाव घेऊन आले ते लढाई जिंकून आल्यासारखे. “घेतली! एका शब्दाने विचारलं नाही त्याने!”

मग रोजचा परिपाठ सुरू झाला. काका जायचे, लांबच्या रस्त्याने परत यायचे, जिना चढताना शीळ घालायचे. भूक लागू लागली, झोप लागू लागली. गालांवर पुन्हा रंग आला.

“एवढा कसला आनंद होतो हो तुम्हाला?” काकूंनी एकदा लोणी लावता लावता विचारलं.

“कुणीतरी माझ्याकडून काहीतरी घेतंय, हा आनंद काय कमी आहे?”

तो टोमणा काकूंना कळला. मागे काकांनी त्यांना भेट म्हणून आणलेलं घड्याळ काकू दुकानात परत करून आल्या होत्या. ‘माझं मी कमावते, तुमचं तुमच्या औषधपाण्याला राहू द्या,’ असं त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या गालात हसल्या आणि पावाचा कडेचा खरपूस तुकडा त्यांनी काकांच्या ताटलीत सरकवला.

महिना संपला तशा काकू बेकरीत गेल्या आणि त्यांनी पर्स उघडली. बेकरीवाला पिठाचे हात पुसत तसाच उभा राहिला.

“पैसे मिळाले, काकू.”

“कुणी दिले?”

“काकांनी. पहिल्या दिवसापासून रोख देतात.”

“अरे, पण ते कोड स्कॅन करतात ना?”

“करतात की, रोज करतात. खातं कुणाचं ते त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि मला मेलं खोटं बोलता येत नाही. पाव एक, पण आकडा टाकतात केवढा! तुम्ही ते खातं उघडून बघितलंत का कधी?”

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

“मी म्हटलंसुद्धा, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, त्यांच्या हातातच द्या की. तर म्हणाले, ‘हातात दिलं तर ती घेणार नाही. पावाच्या निमित्ताने घेतेय, तर घेऊ दे.’”