दोरीशिवाय पहिली चाचणी

"अजून भर. मऊ लागतोय," तो म्हणाला.

पोरीनं पंपाच्या मुठीवर पुन्हा अंग टाकलं. पतंगाच्या पुढच्या कडेला शिवलेली जाड नळी फुगत फुगत ताठ झाली. त्यानं तिच्यावर टिचकी मारली. ढोलासारखा आवाज आला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

पतंग कसला, घराचं छप्परच होतं ते. वाळूवर चाकाच्या फळीवर उभं राहायचं, पाण्याशी आलं की ती सोडून पाण्याची फळी घ्यायची, आणि पतंग खाली न उतरवता तसंच पुढं निघायचं. उद्या गिऱ्हाईक हे बघायला येणार होतं. त्याचा स्वतःचा खांदा निखळलेला, म्हणून पतंगावर पोर जाणार होती. आजवर ती गेली होती ती कमरेला लांब दोरी बांधून, आणि दोरीचं टोक त्याच्या हातात. आज पहिल्यांदाच दोरी नव्हती.

ही कल्पना त्याच्या थोरल्या बहिणीची. त्याच्या पतंगांच्या कारखान्यातली शिलाई ती बघायची आणि तिची जीभ मशीनपेक्षा भरभर चालायची. "फळी बदलताना दोरी पायात येते," ती म्हणाली होती. "आणि गिऱ्हाइकाला काय, पोर शेळीसारखी बांधून दाखवणारेस?"

आठवडाभर त्यानं नन्नाचा पाढा लावला. मग मान तुकवली. गिऱ्हाईक मोठं होतं.

त्यानं पोरीच्या कमरेचा पट्टा ओढून बघितला. पट्ट्यावरच्या लाल मुठीवर बोट ठेवलं. "ही खेचली की पतंग सुटतो. खेचून दाखव."

"बाबा, पाच वेळा दाखवलं."

"सहाव्यांदा दाखव. तुझी आईही स्वतःला फार शहाणी समजायची. काय झालं? या पाण्यात गेली."

पोरीनं मूठ खेचून दाखवली.

ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. पोर तेव्हा तीन वर्षांची होती. आईची फळी तेवढी किनाऱ्याला लागली होती. तेव्हापासून त्यानं पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. शाळेत सोडायला तो, आणायलाही तो. मैत्रिणींनी घरी यावं, हिनं कुणाकडे जायचं नाही. समुद्राचा हा पट्टा चिंचोळा होता, पलीकडचा किनारा दुसऱ्या देशाचा. रोज समोरून तिकडं जाणारी बोट सुटायची, पण पोरीला त्यानं कधी तिच्यात पाय ठेवू दिला नव्हता. बाप असावा तर असा, असं लोक म्हणत.

"इतके कपडे कशाला चढवलेस?"

"पाणी गार आहे."

"तो तरंगता लाल बोया दिसतोय ना? तिथं वळायचं. त्याच्यापुढं प्रवाहाला ओढ आहे. माणूस हाती लागत नाही."

"हो, बाबा."

तिनं वर बघितलं नाही. होडीपाशी उभ्या असलेल्या आत्याच्या गळ्यात मात्र तिनं घट्ट मिठी घातली.

"पुरे गं," आत्या म्हणाली. "वारा काय तुझ्यासाठी ताटकळत बसणारे?" पण हात तिचेच सुटेनात.

वारा वाढला होता. वाळू घोट्यांना टोचत होती, आणि एरवी किनाऱ्यावर कलकलाट करणारे पक्षी कुठे दिसत नव्हते. उद्यावर ढकलावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण पोर फळीवर उभी राहिलीसुद्धा.

हा पतंग एकट्याचं काम नव्हे. चढवताना एकानं दोऱ्या सांभाळायच्या, दुसऱ्यानं कड धरून ठेवायची, उतरवतानाही तसंच. धरणारं कुणी नसेल तर तो जमिनीवर आपटतो, उलटा होतो, फरपटत जाऊन फाटतो. त्यानं धडक्या हातानं कड धरली. पोरीनं अंगठा वर केला. त्यानं कड सोडली.

पतंग सुर्रकन वर गेला. चाकं वाळूवरून खडखडत निघाली. पाण्याच्या कडेला आत्या दुसरी फळी धरून वाकली होती. पोरीनं एक पाय काढला, दुसरा टाकला, आणि पतंग तसूभरही न डगमगता ती पाण्यावर निघून गेली. त्याच्या तोंडून नकळत "शाबास!" निघालं.

त्यानं तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला. बोया जवळ आला. बोयापाशी आली. बोया मागं पडला.

"वळ," तो पुटपुटला. मग ओरडला, "अगं वळ!"

वाऱ्यानं त्याचा आवाज त्याच्याच तोंडावर मारला.

"होडी काढ!"

बहीण होडीशेजारी उभी होती. "इंजिन धरत नाहीये."

"धरत नाही म्हणजे? सकाळी मी स्वतः चालू करून बघितलंय!"

"सकाळचं सकाळी."

तिनं इंजिनाला हातही लावलेला नव्हता.

"अगं, आईसारखी जाईल ती!"

"हो," बहीण म्हणाली. "तसंच दिसतंय."

त्यानं पुन्हा दुर्बीण धरली. पतंग एका अंगाला कलला, खाली आला, लाटांआड गेला. मग तो पुन्हा वर आला. आता पाण्यावर नव्हता. पलीकडच्या वाळूवर होता. कडेकडेनं तो खाली यायला लागला. ताट मांडावं तसा अलगद टेकला. आपटला नाही. उलटला नाही. तसाच उभा राहिला.

वाचली, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण मग पतंग धरला कुणी?

त्यानं दुर्बिणीचं चाक फिरवलं. पतंगाची कड एका बाईनं धरली होती. केस पिकले होते. पण एका पायावर भार टाकून उभं राहायची ढब तीच होती.

पुन्हा या किनाऱ्यावर पाय ठेवलास तर पोरीला याच पाण्यात बुडवीन, असं त्यानं बायकोला तेव्हा बजावलं होतं. त्या किनाऱ्याबद्दल बोलायचं राहून गेलं होतं.