शिक्क्याआधीचा प्रश्न

अमेरिकेतल्या रेनो शहरातल्या कॅसिनो-हॉटेलात पाहुण्यांच्या खोलीत जाऊन सही-शिक्का करणाऱ्या नोटरी आयरीनला एका वृद्ध पाहुणीचा दारात उभा असलेला भाचा भलताच गोडबोल्या वाटला. “आत्या मला घर बक्षीस देतेय,” तो कुजबुजला, “पण तिला ऐकू येत नाही, मीच सांगतो सगळं.” आत टीव्हीवरच्या विनोदाला आत्या मात्र खदखदून हसत होती! आयरीनच्या मनात पाल चुकचुकली. सही करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने कागद कशाचा ते सांगितल्याशिवाय ती शिक्का काढतच नसे. तिने भाच्याला त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणायला पिटाळलं आणि विचारलं, “कागद कशाचा, आजी?” “इथे चार दिवस फुकट राहायचा फॉर्म,” आत्या खुशीत म्हणाली. “चष्मा त्याच्याच खिशात राहिलाय.” आयरीनने कागद वाचून दाखवला. आत्याने उठून दाराची साखळी लावली. भाच्याने दार ठोठावलं. “झाली का सही?” “नाही रे राजा! घरी जा. तुझ्या घरी, माझ्या नव्हे!”