खेकड्याच्या आधी

"हाच खेकडा!" आस्टा मेरेथच्या कानात कुजबुजली. "लाव पैज."

दीपगृहाच्या समुद्राकडच्या भिंतीपाशी नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस उकिडवा बसून पान्याने बोल्ट सोडवत होता. शेजारी रिकामं पोतं. शनिवारची सकाळ, किनाऱ्यावरच्या बागेत चिटपाखरू नव्हतं.

जिओकॅशिंगच्या, म्हणजे लपवलेल्या डब्या शोधायच्या खेळाच्या, ॲपवर सहा वाजता नव्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आले होते आणि सोबत एकच सूचना: सगळे बोल्ट खरे नसतात. म्हणजे एक बोल्ट पोकळ, आत कागदाची सुरळी, आणि जो आधी शोधेल त्याचं नाव सगळ्यात वर. आस्टाचं नाव आजवर अकरा वेळा दुसरं लागलं होतं. अकराही वेळा वर 'खेकडा' हे टोपणनाव. त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण आपल्याच गावच्या दीपगृहावर दुसरं यायचं? छे! मग शाळेत तोंड कुठे लपवायचं?

"पालिकेचा माणूस दिसतोय गं," मेरेथ म्हणाली.

"वेडी आहेस का! नारिंगी जाकीट घातलं की कुणी हटकत नाही. मुरलेल्या सगळ्यांकडे असतं. मी वाढदिवसाला मागितलंय."

आस्टा थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही काय करताय ते कळलंय मला."

माणसाचा हात थांबला.

"घाबरू नका, कुणाला सांगणार नाही. आम्हीही त्यातल्याच."

"त्यातल्याच?" त्याने दोघींना नखशिखान्त न्याहाळलं. "एवढ्याशा?"

"पंधरा वर्षांच्या आहोत! आणि दर वेळी तुम्ही आमच्या आधी हात मारता, ते आता बास."

तो गालात हसला. "मग जरा लक्ष ठेवा. कुणी आलं तर सांभाळा."

आगाऊपणा बघा! पण नियम म्हणजे नियम. बाहेरच्यांना सुगावा लागला की ते डबी उचलून कचऱ्यात टाकतात, मग कुणीच पहिलं नाही.

आणि आलीच की बोडिलआजी. दीपगृहाची किल्ली हिच्याकडे असते. सोबत तिचा गलेलठ्ठ कुत्रा.

"मागे कोण गं तो?"

"माझा काका," आस्टाने ठोकून दिलं. "मागच्या भिंतीवर बुडालेल्या कोळ्यांची ती पितळी पाटी आहे ना, ती घासून लखलखीत करतोय."

"बरं झालं बाई, कुणाला तरी सुचलं." आजी दीपगृहापुढच्या लोखंडी कठड्यावरून हात फिरवत जरा रेंगाळली, दोघींकडे दोनदा पाहिलं आणि कुत्र्याला ओढत निघून गेली.

आस्टाने डोकावून पाहिलं. माणसाने तीन बोल्ट काढले होते, एकही पोकळ नव्हता. "चुकीच्या जागी बसलाय! बोल्ट कठड्यालाही आहेत की!" ती कठड्याकडे धावली. सातवा बोल्ट बोटांनीच फिरला. आत सुरळी, आणि सुरळी कोरी!

आस्टाने सगळ्यात वर एवढं मोठं नाव लिहिलं की दोन ओळी गेल्या. मग दोघी कठड्यापाशी नाचल्या.

तेवढ्यात माणूस पोतं फरफटत भिंतीमागून आला.

"हरलात!" आस्टा ओरडली. जिंकल्यावर मन कसं मोठं होतं! "द्या इकडे, आम्ही धरतो एक टोक."

पोतं भयंकर जड होतं. "काय भरलंय?" मेरेथने धापा टाकत विचारलं.

"अवजारं."

रस्त्यावरच्या गाडीत पोतं चढवलं, त्याने हात हलवला आणि गाडी गेली.

दोघी परतल्या तर बोडिलआजी कठड्यापाशी. तिने सरळ सातवा बोल्ट फिरवला, सुरळी उलगडली आणि कपाळावर हात मारला.

"गेला की गं पहिला नंबर!" तिने खिशातून पेन काढलं आणि आस्टाच्या नावाखाली लिहिलं: खेकडा.

"तुम्ही?" मेरेथ किंचाळली.

"मग! सकाळपासून तुम्ही दोघी इथून हलाल तर शपथ. शोधणार कशी?" आजी खो-खो हसली.

आस्टाने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"चल, तुझ्या काकाने पाटी कशी उजळलीय ते दाखव," आजीने तिचा हात धरला. "माझ्या बाबांचं नाव आहे तिच्यावर. ते काही सापडले नाहीत गं, आमच्याकडे तेवढंच आहे त्यांचं."