मधली खुर्ची

“या हारानं मान नुसती खाजतेय गं,” राष्ट्राध्यक्ष शेजारी बसलेल्या बायकोच्या कानाशी कुरकुरले. मनातून मात्र स्वारी फुलली होती. एरवी नकाशात भिंग लावून शोधावा लागणाऱ्या त्यांच्या देशात आज दोन धटिंगण शेजारी वर्षानुवर्षांचं वैर मिटवत होते. दोघांनी मिळून यजमानांना कुंकू लावून, हार घालून मधल्या खुर्चीत बसवलं होतं.

मग करार वाचला गेला. यजमानांच्या नदीवर उत्तरेचा शेजारी धरण बांधणार आणि यजमानांच्याच खिंडीत दक्षिणेचा आपली फौज ठेवणार, असं दोघांचं गोडीगुलाबीनं ठरलं होतं. यजमानांना विचारायचं कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“केवढा हा मान, साहेब!” मागून परराष्ट्रमंत्री पुटपुटले. सगळं मंत्रिमंडळ टाळ्या पिटत होतं. साहेबांनीही हात उचलले, पण टाळी काही वाजेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“अहो, आपल्या गावी भाऊबंदांचा समेट झाला की देवीला कोंबडा देतात ना,” ती म्हणाली, “त्यालाही आधी असंच कुंकू लावतात.”